घरांतील टेलिव्हिजनची जोडणी

नवा टेलिव्हिजन घरीं आला म्हणजे सर्व मंडळी त्याच्या पुढच्या बाजूकडे टक लावून बसतात; मागची बाजू पाहण्याची तसदी सहसा कोणी घेत नाहीं. वास्तविक त्या पेटीचें अर्धें शहाणपण मागच्या बाजूसच असतें. दुकानांत लखलखीत दिसलेलें चित्र घरच्या भिंतीवर धुरकट दिसूं लागतें. पैसे मोजून आणलेल्या पांच स्पीकरांपैकीं दोनच बोलतात, बाकीचे मुके राहतात. आणि आजीबाई तक्रार करितात कीं, गोंगाट पुष्कळ झाला, पण कोण काय बोललें तें कांहीं कळलें नाहीं. अशा वेळीं दोष बहुधा यंत्राचा नसतो, जोडणीचा असतो. वरच्या वर्गांतील कोणाहि विद्यार्थ्यास ही जोडणी करतां येण्यासारखी आहे, आणि ज्या पालकांनीं कष्टाचा पैसा या यंत्रांत घातला आहे त्यांना तिचें मर्म कळणें अगत्याचें आहे. म्हणून हा विषय आम्ही येथें घेतला आहे.

प्रथम चित्राविषयीं. टेलिव्हिजनचें चित्र म्हणजे ठिपक्यांची रांगोळीच होय. ठिपके जितके दाट तितकी रांगोळी नाजूक. २ ऑक्टोबर १९७२ रोजीं मुंबईचें दूरदर्शन केंद्र सुरू झालें, तेव्हां चित्र ६२५ ओळींचें असे, व त्यांतील ५७६ ओळी प्रत्यक्ष दिसत. त्याच मापाच्या अंकीय चित्रांत प्रत्येक ओळींत ७२० ठिपके, म्हणजे एकूण ४,१४,७२० ठिपके होतात. हाय डेफिनिशन किंवा 'एचडी' चित्रांत १०८० ओळी व दर ओळींत १९२० ठिपके असतात. गुणाकार केल्यास ते २०,७३,६०० भरतात, म्हणजे बरोबर पांचपट. हल्लीं ज्यास 'फोर-के' म्हणतात त्यांत ८२,९४,४०० ठिपके असतात, म्हणजे एचडीच्याहि चौपट.

या एचडीच्या संशोधनाचा आरंभ जपानांत झाला. १९६४ च्या तोकियो ऑलिंपिकनंतर तेथील एनएचके या प्रसारण-संस्थेनें या कामास हात घातला. एचडी चित्र पाहण्याचें योग्य अंतर चित्राच्या उंचीच्या सुमारें तिप्पट धरितात. ४३ इंची टेलिव्हिजनचें चित्र सुमारें ५३ सेंटिमीटर उंच असतें. तेव्हां दीड-पावणेदोन मीटरांवर बसणारास त्याचें सौंदर्य दिसेल, आणि दिवाणखान्याच्या दुसऱ्या टोकास बसणारास जुन्या व नव्या चित्रांत फारसा भेद वाटणार नाहीं. मोठा टेलिव्हिजन घेण्यापूर्वीं खोली मोजावी, असें आम्ही सुचवितों तें याचसाठीं.

आतां तारांकडे वळूं. पाटाच्या पाण्याला जशी दिशा असते तशीच या तारांतील संदेशालाहि असते. विहिरीवरून निघालेलें पाणी दंडांतून वाफ्यांत जातें. वाफ्यांतून विहिरीकडे जात नाहीं. प्रत्येक यंत्राच्या पाठीवर कांहीं सॉकेटांवर 'आउट' व कांहींवर 'इन' असें लिहिलेलें असतें. संदेश जेथून निघतो तें 'आउट', जेथें शिरतो तें 'इन'. ज्यानें हें एवढें ध्यानांत ठेविलें त्याला निम्मी जोडणी आली. एकहि तार लावण्यापूर्वीं कागदावर प्रत्येक यंत्रासाठीं एक चौकोन काढावा आणि चौकोनांमध्यें बाण काढावे. जो बाण 'इन'पासून 'इन'कडे जातो तो चुकला, हें लहान मूलहि सांगेल.

पूर्वींच्या पेट्यांना तीन रंगांच्या तारा असत: पिवळी चित्राची, पांढरी डाव्या आवाजाची व तांबडी उजव्या आवाजाची. यांतील पिवळ्या तारेंतून एचडी चित्र जाऊंच शकत नाहीं. असें असूनहि एचडी सेट-टॉप बॉक्स व एचडी टेलिव्हिजन यांच्यामध्यें हीच जुनी तार लोंबत असलेलीं कितीतरी घरें आढळतात. दोन्ही टोकांना रुंद नदी आणि मध्यें बोटभर नळी, असा हा प्रकार. त्यासाठीं एचडीएमआय नांवाची केबल पाहिजे. सात कंपन्यांनीं मिळून २००२ सालीं ती प्रसिद्ध केली. तिच्या टोकांत १९ बारीक पिना असतात, व चित्र, आवाज आणि यंत्रांनीं परस्परांस द्यावयाच्या सूचना हीं सर्व तिच्यांतूनच जातात. दुकानांत ही केबल सोन्याच्या मुलाम्याची म्हणून भारी किंमतीस विकतात. अंकीय संदेश पोहोंचला तर पुरा पोहोंचतो. कमी पडला तर चित्रांत ठिणग्या उडतात किंवा तें नाहींसें होतें. महाग केबलीनें रंग अधिक गहिरे होतात हें म्हणणें आम्हांस मान्य नाहीं. दीड-दोन मीटरांची साधी, पण चांगली केबल पुरते.

केबल बदलूनहि चित्र धुरकट राहिलें तर दोन गोष्टी पाहाव्या. सेट-टॉप बॉक्सच्या सेटिंगमध्यें चित्राचें माप १०८० ओळींवर ठेविलें आहे कीं नाहीं; आणि वर्गणी भरलेली वाहिनी एचडी आहे कीं साधी. साधी वाहिनी रुंद पडद्यावर ताणली म्हणजे माणसांचीं तोंडें पुरीसारखीं फुगतात. जुन्या चित्राचें प्रमाण ४ ला ३ व नव्याचें १६ ला ९ असल्यामुळें जुन्या चित्राच्या दोन्ही अंगांस काळ्या पट्ट्या राहणें हेंच योग्य होय.

रेकॉर्डरविषयीं मात्र जरा सविस्तर सांगितलें पाहिजे. हल्लींचा रेकॉर्डर बहुधा सेट-टॉप बॉक्सच्या पोटांतच असतो, आणि कार्यक्रम त्यांतील डिस्कवर उतरतो. सेकंदास ८ मेगाबिट या वेगानें येणारें चित्र धरिलें तर एका तासास ३·६ गिगाबाइट जागा लागते. म्हणजे ५०० गिगाबाइटांच्या डिस्कवर सुमारें १३८ तास मावतील. पुष्कळांचा असा समज असतो कीं एचडीएमआयची तार दुसऱ्या रेकॉर्डरला लावली कीं वाटेल तें उतरवून घेतां येईल. तसें होत नाहीं. त्या तारेंतील संदेशाला कुलूप घातलेलें असतें, आणि त्याची किल्ली चित्र दाखविणाऱ्या यंत्राला मिळते, नक्कल करणाऱ्याला मिळत नाहीं. शिवाय सेट-टॉप बॉक्समधील रेकॉर्डिंग बहुधा त्या एकाच बॉक्समध्यें चालतें. तो बदलला कीं सर्व गेलें म्हणून समजावें.

म्हणूनच ज्या गोष्टी जन्मभर जपावयाच्या त्या निराळ्या ठेवाव्या. किती तरी घरांतील फडताळांत आईवडिलांच्या लग्नाची, बारशाची, एखाद्या निवर्तलेल्या आजोबांच्या आवाजाची व्हीएचएस कॅसेट अजून पडून आहे. ती चालविणारें व्हीसीआर हें यंत्र आतां नवें मिळत नाहीं; जपानमधील फुनाई कंपनीनें २०१६ सालीं तें बनविणें बंद केलें. तेव्हां जुना व्हीसीआर चालू आहे तोंवरच हें काम उरकावें. येथें मात्र त्या पिवळ्या-पांढऱ्या-तांबड्या तारा कामास येतात: व्हीसीआरच्या 'आउट'मधून त्या काढून संगणकास जोडावयाच्या एका लहान डबींत घालावयाच्या, कीं कॅसेट संगणकांत उतरूं लागते. घाईनें हें काम होत नाहीं. तीन तासांच्या कॅसेटला तीन तासच लागतात. आपल्या कोंकणपट्टीच्या दमट हवेंत कॅसेटीवर पांढरी बुरशी चढते. अशी कॅसेट तशीच यंत्रांत घालूं नये; बुरशी यंत्राच्या हेडवर बसते आणि तेथून पुढच्या चांगल्या कॅसेटींनाहि लागते. ती जाणत्या माणसाकडून आधीं साफ करून घ्यावी. नाताळच्या सुट्टींत विद्यार्थ्यांनीं हातीं घ्यावें असें याहून चांगलें काम आम्हांस सुचत नाहीं. नवीन टेलिव्हिजनांत पिवळें सॉकेट न दिसल्यास घाबरूं नये. पुष्कळदां एका बारीक भोंकांत घालावयाची, तीन तोंडांची जोडतार पेटीबरोबर मिळते.

आवाजाचा विचार चित्रापेक्षां आम्हांस अधिक मनोरंजक वाटतो. प्रार्थनामंदिरांत बसलें असतां उपदेश समोरून ऐकूं येतो, गायकवृंद एका बाजूनें गातो आणि मागच्या दारांतून येणाऱ्याचीं पावलें पाठीमागून वाजतात; डोळे मिटले तरी कोण कोठें आहे हें कळतें. ही किमया दोन कानांची. १९३१ सालीं इंग्लंडांतील अॅलन ब्लूमलाइन या तरुण इंजिनियराच्या मनांत आलें कीं, बोलपटांत नट पडद्याच्या एका टोकास उभा असून आवाज दुसऱ्याच ठिकाणाहून येतो, हें कांहीं बरोबर नाहीं. त्याच वर्षीं त्यानें दोन मार्गांनीं आवाज नोंदविण्याच्या युक्तीच्या पेटंटसाठीं अर्ज केला. पुढें १९४२ मध्यें रडारच्या चाचणीच्या वेळीं विमान कोसळून तो वारला. १९४० सालीं डिस्नेच्या 'फँटासिया' या चित्रपटासाठीं कांहीं नाट्यगृहांत प्रेक्षकांच्या सभोंवार स्पीकर बसविले होते. आज घराघरांत जी 'फाइव्ह पॉइंट वन' व्यवस्था आली आहे ती याच कुळांतली.

तिच्यांत पांच स्पीकर असतात व सहावा, खर्जाचा, सबवूफर. त्याला पूर्ण एक न म्हणतां 'पॉइंट वन' म्हणतात, कारण तो फक्त अगदीं खालचे, सुमारें १२० हर्ट्झच्या आंतले स्वर काढतो. समोरचे डावा व उजवा असे दोन स्पीकर आणि बसणारा यांचा समभुज त्रिकोण व्हावा. मधला स्पीकर टेलिव्हिजनच्या लगत, वर किंवा खालीं. बाजूचे दोन खांद्यांच्या किंचित् मागें. खोलीच्या मागल्या कोपऱ्यांत, छताजवळ टांगूं नयेत. बहुतेक सर्व संवाद मधल्या स्पीकरमधून येतात. तेव्हां आजीबाईंना बोलणें कळत नसेल तर सगळा आवाज वाढवून घर डोक्यावर घेण्याचें कारण नाहीं. रिसीव्हरच्या सेटिंगमध्यें एकट्या मधल्या स्पीकरचा आवाज दोन-तीन डेसिबल चढवावा. कित्येक घरीं हा स्पीकर शोभेच्या फुलदाणीमागें दडविलेला असतो. ती फुलदाणी हलविली तरी पुष्कळ काम होतें. आपल्या खोल्यांच्या भिंती व फरशा कठीण असतात, त्यामुळें शब्द घुमतात; खालीं सतरंजी, खिडकीला जाड पडदा व एक पुस्तकांचें कपाट एवढ्यानेंहि बोलणें स्वच्छ होतें. सबवूफर कोपऱ्यांत ठेवल्यास खर्ज फार घुमतो, आणि खालचे स्वर भिंतींतून सहज पलीकडे जातात. शेजारच्या मुलाची परीक्षा जवळ आली असेल तर तो बंद ठेवावा.

सर्व यंत्रें एकत्र आणण्याचे मार्ग दोन. घरांत आवाजाचा रिसीव्हर असेल तर सेट-टॉप बॉक्स वगैरे सर्वांच्या एचडीएमआय केबली त्यांत घालाव्या व त्याच्या 'आउट'मधून एक केबल टेलिव्हिजनला न्यावी. नाहींतर सर्व केबली टेलिव्हिजनमध्यें घालून तेथून आवाज परत रिसीव्हरकडे किंवा साउंडबारकडे आणावा. पाणी उलटें चढण्याचा हा एक अपवाद आहे. २००९ सालापासून एचडीएमआयमध्यें ही परतीची वाट आली. तिला 'एआरसी' म्हणतात. टेलिव्हिजनच्या बहुधा एकाच सॉकेटवर तीं अक्षरें असतात. केबल तेथेंच लावली पाहिजे. रिसीव्हर जुना असल्यास १९८३ मध्यें तोशिबा कंपनीनें काढलेली प्रकाशाची तार चालते. तिच्या टोकावरील पारदर्शक टोपण काढावयाचें राहून आवाज न आल्याचीं उदाहरणें कांहीं थोडीं नाहींत. इतकें करूनहि मागचे स्पीकर मुके राहिले तर सेट-टॉप बॉक्समध्यें 'डॉल्बी डिजिटल' व टेलिव्हिजनमध्यें 'बिटस्ट्रीम' निवडलें आहे का तें पाहावें, आणि टेलिव्हिजनचे स्वतःचे स्पीकर बंद करावे.

स्पीकरच्या तारा लावतांना तांबडी तांबड्यास व काळी काळ्यास लावावी. एकच स्पीकर उलटा लागला तर एकाचा पडदा पुढें येतो तेव्हां दुसऱ्याचा मागें जातो आणि खर्ज परस्परांस खाऊन टाकतात. शंका आल्यास स्पीकरची तार अँप्लिफायरपासून सोडवून दीड व्होल्टच्या सेलला क्षणभर टेंकवावी: सेलचें धन टोक तांबड्या तारेस असतां पडदा बाहेर आला तर जोडणी सुलटी. तारेच्या टोकांतील तांब्याचा एकहि केस शेजारच्या तारेस शिवूं देऊं नये. मग टेप घेऊन बसण्याच्या जागेपासून प्रत्येक स्पीकरचें अंतर मोजावें. आवाज सेकंदास सुमारें ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मीटरास जवळजवळ तीन सहस्रांश सेकंद लागतात. हीं अंतरें रिसीव्हरला सांगितलीं म्हणजे तो जवळच्या स्पीकरला तेवढा थांबवून सर्वांचा आवाज एकाच क्षणीं कानीं पाडतो.

हें सर्व वीज बंद करून करावें. तीन पिनांच्या प्लगाची अर्थिंगची पिन मोडून दोन पिनांच्या सॉकेटांत कोंबण्याची वाईट खोड कित्येकांस असते. ती प्राणावर बेतूं शकते. टेबलावरील मोठा टेलिव्हिजन पट्ट्यानें भिंतीस बांधावा, विशेषतः घरांत रांगतें मूल असल्यास. आणि पावसाळ्यांत ढगांचा गडगडाट सुरू होण्यापूर्वींच सर्व प्लग काढावे व गच्चीवरील छत्रीची तारहि सेट-टॉप बॉक्समधून सोडवून ठेवावी. नुसतीं बटनें बंद केल्यानें तारेंतून येणारा विजेचा झटका थांबत नाहीं.