रांगोळी, कासव आणि आज्ञा

संगणक अतिशय वेगवान यंत्र आहे. परंतु ते आज्ञाधारक आहे, समंजस नाही. 'एक सुंदर रांगोळी काढ' एवढे सांगून त्याला काही उमगत नाही. आरंभ कोठून करावयाचा, किती पुढे जावयाचे, किती वळावयाचे, हे सारे क्रमाने सांगावे लागते. अशा एकेका सूचनेस 'आज्ञा' म्हणतात आणि आज्ञांच्या सुसंगत मालिकेस 'आज्ञावली'.

ही कल्पना मुलांना समजावून देण्यासाठी प्रत्यक्ष यंत्रच हवे असे नाही. म्हैसूरमध्ये दारापुढे ठिपक्यांची रांगोळी घातली जाते. ती शिकणारी मुलगी संपूर्ण आकृती पाठ करीत नाही. ती एक वळसा शिकते आणि ठरलेल्या नियमाने तो ठिपक्याठिपक्याभोवती पुन्हा पुन्हा घालते. या नियमबद्धतेकडे संशोधकांचेही लक्ष गेले. मद्रास ख्रिश्चन कॉलेजातील गिफ्ट सिरोमनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली तमिळनाडूतील 'कोलम' रांगोळीचे आकृतिबंध गणिती व्याकरणाच्या नियमांत मांडून दाखविले.

मुलांना रेखाकृतींतून आज्ञा शिकविण्याचा प्रयोग अमेरिकेतही झाला होता. सेमूर पॅपर्ट, वॉली फॉयरझाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी १९६७ साली 'लोगो' ही संगणकभाषा तयार केली. पुढे तिच्यात एक 'कासव' आले. ते पडद्यावर चालते आणि आपल्यामागे रेघ ओढीत जाते. 'पुढे १००, उजवीकडे ९०' ही जोडी चार वेळा दिली की चौकोन पूर्ण होतो.

आता समजा, बारा चौकोनांचे फूल काढावयाचे आहे. प्रत्येक चौकोनास आठ आज्ञा आणि त्यानंतर ३० अंशांचे एक वळण, अशा एकूण १०८ आज्ञा द्याव्या लागतील. त्याऐवजी चौकोनाच्या आज्ञा एकदाच लिहून त्या गटास 'चौकोन' असे नाव दिले तर? मग 'चौकोन काढ, ३० अंश वळ. हे बारा वेळा कर' एवढे सांगितले की पुरते. नाव दिलेल्या अशा आज्ञागटास फंक्शन म्हणतात. बाजूची लांबी दर वेळी निराळी सांगण्याची सोय ठेवली, तर त्याच फंक्शनमधून लहानमोठे चौकोन निघतात. काही फंक्शने काम करतात, तर काही उत्तर परत देतात. बाजू सांगितली असता क्षेत्रफळ काढून देणारे फंक्शन हे दुसऱ्या प्रकारचे होय.

चुकीचाही येथे उपयोग होतो. समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा, म्हणून मूल कासवाला तीन वेळा ६० अंश वळविते. पण त्रिकोण मिटतच नाही. अर्धा षट्कोन तयार होतो. मग मूल स्वतः अंगणात चालून पाहते आणि आपल्याला १२० अंश वळावे लागते, हे त्याच्या ध्यानी येते. फंक्शनमध्ये ती एकच संख्या बदलली की ते वापरणाऱ्या सर्व आकृती सुधारतात.

भारतात १९८४ साली 'क्लास' या योजनेखाली निवडक शाळांत बीबीसी मायक्रो संगणक आले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने माध्यमिकपूर्व टप्प्यावर, म्हणजे सहावी ते आठवीत, आज्ञालेखनाचे उपक्रम सुचविले. शिक्षक घडविण्याचे कार्य म्हैसूरमध्ये १९६३ पासून चालत आले आहे; त्या वर्षी स्थापन झालेले प्रादेशिक शिक्षण महाविद्यालय आज प्रादेशिक शिक्षण संस्था म्हणून ओळखले जाते. यंत्रे मिळविणे हा या कार्याचा केवळ एक भाग आहे. मुलाने यंत्रास शिकवावे की यंत्राने मुलास, हा पॅपर्ट यांनी १९८० साली आपल्या ग्रंथात उपस्थित केलेला प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. तयार धडे पाहून बटणे दाबणारे मूल यंत्राच्या आज्ञेत वागते. उलट, मोठ्या कामाचे लहान भाग पाडून प्रत्येकास नाव देणारे मूल विचाराची एक शिस्त शिकते. तिचा आरंभ संगणक नसलेल्या शाळेतही होऊ शकतो: एका मुलाने कासव व्हावे, दुसऱ्याने आज्ञा द्याव्यात आणि जमिनीवर खडूने रेघ ओढावी.