कृपा आणि मजुरी

मयूरेश्वराच्या गावात ख्रिस्ती धर्मातल्या एका जुन्या वादावर बोलायचे म्हणजे काहींना आडवळणाचे वाटेल. पण येथून सुप्यावरून चौफुल्याला गेले की केडगाव जवळच, आणि तेथे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आजही उभे आहे. हा वाद आपल्या शिवेवरचाच म्हणायचा.

प्रश्न असा की, माणूस तरतो तो श्रद्धेने की सत्कृत्यांनी? नव्या करारात दोन सूर ऐकू येतात. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौल सांगतो की देवापुढे माणूस निर्दोष ठरतो तो विश्वासामुळे, नियमशास्त्रातली कर्मे पाळल्यामुळे नाही. याकोबाच्या पत्राचा रोख असा की, जो विश्वास कृतीत उतरत नाही तो काय कामाचा? गंमत म्हणजे दोघेही साक्षीला अब्राहामालाच उभा करतात.

पौलाने येथे मजुरीची गोष्ट काढली आहे. राबणाऱ्याला मिळतो तो पैसा म्हणजे मेहेरबानी नव्हे, ते त्याचे येणे असते, हे त्याला मान्य आहे. पण तारण हे असे येणे नाही, असे तो म्हणतो. आमचा सारा जन्म येणे वसूल करण्यात गेला. बोनस ही मालकाची खुशी की कामगाराचा हक्क, यावर वर्षानुवर्षे भांडण चालले, तेव्हा कुठे १९६५ साली कायदा झाला. त्यामुळे मत्तयाच्या शुभवर्तमानातला द्राक्षमळ्याचा दाखला आम्हांस प्रथम मुळीच पटला नाही. दिवसभर उन्हात राबलेल्यांना जेवढी मजुरी, तेवढीच शेवटच्या तासाला आलेल्यांना! आमच्याकडे असे झाले असते तर गेटवर सभा भरली असती. मात्र नीट वाचले तर ते शेवटचे लोक आळशी नव्हते. त्यांना कोणी कामावर घेतलेच नव्हते. नाक्यावर दिवसभर ताटकळलेल्या मजुराचे पोट काही एका तासापुरते नसते. मळ्याच्या धन्याने काम मोजले नाही, गरज पाहिली. कृपा म्हणतात ती ही.

पैसे घेऊन पापदंडाच्या माफीची पत्रे देण्याचा व्यवहार युरोपात चाले. त्याविरुद्ध १५१७ साली मार्टिन ल्यूथर उठला, आणि पौलाचा सूर त्याने वर चढवला. याकोबाच्या पत्राला तो फारशी किंमत देत नसे. रोमन चर्चने १५४७ साली ट्रेंटच्या परिषदेत उत्तर दिले: आरंभ कृपेनेच होतो, पण त्या कृपेला माणसाने साथ द्यावी लागते आणि त्याच्या सत्कृत्यांनाही मोल आहे. दोन्ही बाजूंचा समेट व्हायला ३१ ऑक्टोबर १९९९ उजाडले. त्या दिवशी ऑग्सबर्ग येथे सह्या झाल्या: तारण कृपेचे, सत्कृत्ये हे त्याचे फळ. इतकी लांबलेली वाटाघाट आमच्या तरी पाहण्यात नाही.

रमाबाईंच्या बाबतीत क्रम उलटा दिसतो. इंग्लंडात ख्रिस्ती भगिनी पतित ठरवलेल्या स्त्रियांची सेवा करताना त्यांनी पाहिल्या, आणि १८८३ साली बाप्तिस्मा घेतला. म्हणजे त्यांना ओढून नेले ते कृतीने. १८८९ साली मुंबईत शारदासदन निघाले, पुढल्या वर्षी ते पुण्यास आले. परंतु आपल्याला धर्म आधी मिळाला आणि ख्रिस्त मागाहून, असे त्यांनी स्वतःच नंतर लिहिले. मधल्या काळात विधवांसाठी त्या खपत होत्या, तरीही! श्रद्धा गवसल्यावर काम थांबले नाही, उलट वाढले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या शेकडो निराधार मुली त्यांनी केडगावी आणल्या. त्यांना शिक्षण दिले, धंदे शिकवले, छापखाना घातला. आणि स्वतः बायबल मराठीत उतरवीत राहिल्या, ते थेट १९२२ साली मृत्यू येईपर्यंत.

त्यांच्यावरचा आक्षेप येथे टाळता येणार नाही. सेवेच्या पोटी धर्मांतराचा हेतू असेल तर तिला सत्कृत्य म्हणावे काय? १८९३ साली याच कारणाने पुण्यात गहजब झाला. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. आम्हांस वाटते, पौलाचाच काटा येथे लावावा. भाकरीच्या बदल्यात मनुष्य मिळवायचा असेल तर तीही मजुरीच झाली, कृपा राहिली कोठे? रमाबाईंची प्रार्थना दार उघडे ठेवून चाले, लपून नव्हे. पण पुण्यातल्या मुलींना परत न्यायला पालक तरी होते. दुष्काळातून आलेल्यांच्या मागे कोणी नव्हते, त्यांची निवड कितपत मोकळी होती हा प्रश्न उरतो. त्या मुली उपासमारीतून वाचल्या हेही खोटे नाही, आणि केडगावच्या लोकांशी बोलताना आम्ही या दोन्ही गोष्टी एकाच बैठकीत काढतो.