मालाडला अभिनय-गाणं-नाचाचा क्लास काढायचाय? आधी बॉम्बे टॉकीजचा हिशेब बघा

क्लासच्या धंद्यावरचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. "सर, मी भरतनाट्यम विशारद आहे, मैत्रीण गाते, तिचा नवरा प्रायोगिक नाटकं करतो. तिघं मिळून मालाडला क्लास काढतोय. नाव काय ठेवू?"

नावाचं नंतर बघू. आधी तुम्ही नक्की काय विकणार आहात ते ठरवू. व्हिडिओत हा मुद्दा घाईत उरकला होता, म्हणून इथे नीट लिहितो.

मालाड पश्चिमेला, एस. व्ही. रोडपासून आत, बॉम्बे टॉकीज कंपाउंड आहे. आज तिथे गाळे आणि छोटे कारखाने दिसतात. 1934 मध्ये हिमांशू राय आणि देविकाराणी यांनी तिथे स्टुडिओ उभा केला. कंपनी रीतसर लिमिटेड, संचालक मंडळ, जर्मनीहून आणलेले दिग्दर्शक आणि कॅमेरामन. आपल्या कामाची गोष्ट पुढे आहे. अभिनय, गाणं आणि नाच, तिन्ही शिकवणारी माणसं एकाच आवारात होती, आणि तीही पगारावर. संगीताला सरस्वतीदेवी, म्हणजे भातखंडे यांच्या पठडीत शिकलेल्या खुर्शीद होमजी. नाचाला मुमताज अली, म्हणजे विनोदी नट मेहमूदचे वडील.

अशोककुमार तिथे लॅबोरेटरीत कामाला होते. 'जीवन नैया'चा ठरलेला नायक बाहेर पडला आणि या लॅब असिस्टंटला कॅमेऱ्यासमोर उभं केलं गेलं. वर्ष 1936. त्याच वर्षी 'अछूत कन्या' आला. त्यात अशोककुमार आणि देविकाराणी स्वतःच गायले. दोघंही काही गवई नव्हते. सरस्वतीदेवींनी त्यांच्या गळ्याला झेपतील अशा सोप्या चाली बांधल्या. क्लास चालवणाऱ्या प्रत्येकाने हे लिहून ठेवा: शिकणाऱ्याचा गळा बघून चाल. आपल्याकडे उलटं होतं. पहिल्याच महिन्यात पोराला अवघड गाणं देतात, आईबाप व्हिडिओ काढून स्टेटसला टाकतात, आणि सहा महिन्यांनी पोरगं गाणं सोडतं.

दिलीपकुमारांची गोष्ट तर आपल्या चॅनेलसाठीच घडल्यासारखी आहे. त्याआधी ते पुण्यात आर्मी क्लबच्या कॅन्टीनमध्ये होते आणि तिथे त्यांनी सँडविचचा स्टॉल चालवला होता. 1942 मध्ये देविकाराणींनी त्यांना मालाडला घेतलं. पगार महिना 1250 रुपये, असं त्यांनी आत्मचरित्रात सांगितलंय. पहिल्यांदा काम काय? सेटवर यायचं आणि दुसऱ्यांचं शूटिंग बघायचं. पहिला चित्रपट 'ज्वार भाटा' आला 1944 मध्ये.

आता हिशेब करा. नवा माणूस तयार होईपर्यंतचा सगळा खर्च कंपनीने सोसला. तो चालला नसता तर नुकसान कंपनीचं होतं. आजच्या क्लासमध्ये शिकणाऱ्यालाच फी भरावी लागते. म्हणजे धोका तुमच्याकडून त्याच्याकडे गेला. त्याच्या बापाने ते पैसे रिक्षा चालवून किंवा सोसायटी भरून आणलेले असू शकतात. म्हणून मी हा मुद्दा एवढा ताणतो: तुम्ही तयारी विका, काम विकू नका. 'कोर्सनंतर सिरियलमध्ये रोल' असं बोर्डावर लिहिलंत, तर जी वस्तू तुमच्या गोदामात नाही तिचे पैसे तुम्ही घेताय. मालवणी-मढ भागात शूटिंगं चालतात, शेजारी गोरेगावला चित्रनगरी, आणि वर्सोव्याच्या आराम नगरमध्ये रोज ऑडिशन. मालाडच्या क्लासला हे सगळं जवळ आहे खरं, पण जवळ असणं म्हणजे ओळख नव्हे आणि ओळख म्हणजे रोल नव्हे. काम देणारा कलाकाराला पैसे देतो, त्याच्याकडून मागत नाही, हे तुमच्या विद्यार्थ्यांना पहिल्याच आठवड्यात शिकवा. त्याने तुमची फी कमी होणार नाही, उलट आई-वडील टिकतील.

मग विकायचं काय? मोजता येईल अशी तयारी. पहिल्या दिवशी प्रत्येकाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा: एक उतारा वाचून, एक ओळ गाऊन, आठ मात्रा चालून. तीन महिन्यांनी तोच उतारा, तीच ओळ, त्याच आठ मात्रा. दोन्ही पालकांना दाखवा. एवढी चांगली जाहिरात मला दुसरी माहीत नाही, आणि खर्च शून्य.

भाड्याचं बघू. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही घाला. समजा 40 विद्यार्थी, महिना 1500 रुपये फी. जमा 60,000. गाळ्याचं भाडं 35,000, दोन शिक्षकांचं मानधन मिळून 20,000. उरले 5,000, आणि अजून लाइट बिल, स्पीकर, साफसफाई बाकी आहे. वर हे 40 बाराही महिने नसतात. फेब्रुवारी-मार्च परीक्षा, मे महिन्यात गावाला, गणपतीत सुट्ट्या. गाळा मात्र 24 तास तुमचा आणि वापर संध्याकाळी पाच ते नऊ. म्हणून पहिलं वर्ष सोसायटीचा हॉल किंवा शाळेचा वर्ग तासावर घ्या. नवरात्रीआधी गरब्याच्या बॅचेस, लग्नसराईत संगीतचे नाच बसवून देणं, सकाळी गृहिणींची बॅच, हे 'खऱ्या कलेत' बसत नाही म्हणून नाक मुरडू नका. त्यावर तुमची अभिनयाची सहा जणांची बॅच जगेल.

सगळ्यात दुखरी जागा आता. 1940 मध्ये हिमांशू राय गेले. कंपनीत दोन गट पडले. 1943 मध्ये शशधर मुखर्जी, अशोककुमार वगैरे मंडळी बाहेर पडली आणि त्यांनी फिल्मिस्तान काढली. कुठे? गोरेगावला, एक स्टेशन अलीकडे! तयार झालेली माणसं गेली आणि बॉम्बे टॉकीजला पुढे पूर्वीचे दिवस आले नाहीत. पन्नाशीच्या दशकात कंपनी बंद पडली.

तुमचा डान्स टीचरही एक दिवस 25 पोरं घेऊन कांदिवलीला क्लास काढेल. यावर लोक म्हणतात, "सर, बॉण्ड लिहून घेतो, पाच किलोमीटरमध्ये क्लास काढायचा नाही." नोकरी सोडल्यानंतरची अशी बंदी भारतात टिकत नाही. 1872 च्या करार कायद्याचं कलम 27 धंद्याला आडकाठी करणारा करार रद्दबातल ठरवतं. स्टॅम्प पेपरचे पैसे वाचवा. त्याऐवजी प्रत्येक बॅचला आलटून-पालटून दोन शिक्षक ठेवा, पालकांशी फोनवर तुम्ही स्वतः बोला, आणि चांगल्या शिक्षकाला ठरावीक मानधनाऐवजी बॅचच्या जमेत वाटा द्या. वाटा मिळत असेल तर माणूस जाण्याआधी दहादा विचार करतो. तरीही गेला तर जाऊ द्या, भांडू नका. वार्षिक कार्यक्रमाला बोलवा.

कागदपत्रांचं थोडक्यात. उद्यम नोंदणी मोफत आहे, एजंटला पैसे देऊ नका. दहापेक्षा कमी कामगार असतील तर दुकाने-आस्थापना कायद्याखाली फक्त सूचना द्यावी लागते. जीएसटीची गंमत मात्र समजून घ्या. सेवेसाठी वर्षाला 20 लाखांपर्यंत उलाढाल असेल तर साधारणपणे नोंदणी लागत नाही. शिवाय कला-संस्कृतीशी संबंधित छंदवर्गाच्या शिकवणीला करमाफी आहे, पण जुलै 2022 पासून ती शिकवणारी 'व्यक्ती' असेल तरच. म्हणजे तिघांनी हौसेने कंपनी काढलीत तर हा मुद्दा बदलतो. आणि 'व्यावसायिक प्रशिक्षण' हे छंदवर्गात बसतं का, हा वादाचा विषय होऊ शकतो. बोर्ड रंगवायच्या आधी सीएला विचारा.

वर्षातून एक प्रयोग तिकीट लावून कराच. बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृह पहिल्याच वर्षी घ्यायची गरज नाही, शाळेचा हॉलही चालेल. पण नाटक दुसऱ्याचं असेल तर लेखकाची लेखी परवानगी, संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र, आणि रेकॉर्डेड गाणी वाजवणार असाल तर त्यांचे परवाने, हे दोन महिने आधी हातात हवं. आदल्या आठवड्यात धावपळ केलीत तर पोरांची तालीम बाजूला पडते.

आणि हो, नाव. 'स्टार' हा शब्द घालू नका. स्वतःचं आडनाव घाला, खाली 'अभिनय, गायन, नृत्य' लिहा आणि फोन नंबर मोठा ठेवा.