आकड्याची शहानिशा : रेडिओच्या काट्यापासून सिटिझन्स बँडपर्यंत

यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, पैनगंगेच्या अलीकडे वसलेला झरी जामणी हा मुलूख नभोवाणीच्या दृष्टीने नेहमीच सीमेवरचा राहिला आहे. कोलामी, गोंडी, मराठी आणि तेलुगू जेथे शेजारी नांदतात, तेथे उत्तरेकडून नागपूर आणि दक्षिणेकडून हैदराबाद ही दोन्ही केंद्रे रात्रीच्या वेळी एकाच पेटीत उतरू शकत, आणि त्यांतले कोणते लावायचे याचा निवाडा रेडिओचा कान पिळणाऱ्या बोटांवर सोपवलेला असे. बोटे, काटा आणि लहर यांचे हे नाते गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत कसे पालटत गेले, याचा मागोवा घेण्याजोगा आहे. कारण आज यंत्राच्या तोंडावर जो आकडा झळकतो, त्याचा अर्थ या इतिहासावाचून नीट उमगत नाही.

आरंभी हा सारा व्यवहार सरकारी दप्तराच्या अंमलाखाली होता. १९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र कायद्याने बिनपरवाना यंत्र बाळगणे हाच गुन्हा ठरविला, आणि केवळ ऐकणाऱ्यालाही डाकघरात वार्षिक शुल्क भरून परवान्याची मुदत वाढवून घ्यावी लागे. ऐकणाऱ्यांवरचा हा परवाना १९८० च्या दशकात रद्द झाला. बोलणाऱ्यावरचे बंधन मात्र पुढेही कायम राहिले.

१६ जुलै १९४८ रोजी नागपूर केंद्र सुरू झाले आणि विदर्भातल्या डायलवर काट्याला एक हक्काचे ठिकाण लाभले. परंतु तो काटा नेमके काय दाखवीत असे? बटण फिरविले की चकतीवरून गेलेली दोरी काट्याला ओढी आणि त्याच चकतीच्या आसावर बसविलेल्या गँग कंडेन्सरची पाती एकमेकांत शिरत किंवा बाहेर येत. म्हणजे काटा लहरीचे मोजमाप करीत नसून केवळ चकती किती फिरली याची साक्ष देत असे. दोरी सैल झाली, की केंद्र जागच्या जागी असूनही काटा भलतीकडे उभा राही, आणि जाणते श्रोते काट्याला बाजूला सारून कानालाच प्रमाण मानीत.

शॉर्ट वेव्हवर तर कानावाचून गत्यंतरच नव्हते. १९५२ पासून ज्या रेडिओ सिलोनने बिनाका गीतमालेच्या रूपाने घराघरांत ठाण मांडले, ते लावताना सारा २५ मीटरचा पट्टा डायलवर जेमतेम बोटभर जागेत कोंबलेला असे, आणि बटण केसभर हलले तरी गाणे नाहीसे होऊन खरखर उरे. म्हणून चांगल्या संचांत फाइन ट्यूनिंगचे दुसरे बटण देत. मोठ्या कंडेन्सरला समांतर जोडलेला एक चिमुकला कंडेन्सर ते फिरवी. मोठ्या बटणाने गाव गाठावे आणि लहान बटणाने घर शोधावे, अशी ही विभागणी होती. या दुसऱ्या बटणाने काटा मुळीच हलत नसे. दर्शनी आकडा आणि प्रत्यक्ष लहर यांत अंतर असू शकते, हा धडा त्या बटणाने एका पिढीला दिला.

२३ नोव्हेंबर १९७८ रोजी जिनिव्हाच्या करारानुसार आशिया आणि युरोपासह मोठ्या भूभागात मिडियम वेव्हची आखणी नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या अंतराने लागू झाली. नागपूरचे ५८५, हैदराबादचे ७३८ आणि १९८८ साली नागपूरच्या एक हजार किलोवॉटच्या प्रक्षेपकावरून सुरू झालेल्या राष्ट्रीय वाहिनीचे १५६६, हे सारे आकडे म्हणूनच नऊच्या पाढ्यात बसतात. पुढे अंकदर्शक संच आले आणि काट्याच्या जागी आकडा आला. परंतु तोही थेट लहरीवरून वाचलेला नव्हे. ५८५ लागलेले असताना संचातील आंदोलक १०४० वर चालत असतो, आणि यंत्र त्यातून ४५५ वजा करून उरलेली संख्या आपल्यासमोर ठेवते. संचाची आतली जुळणी बिघडली, तर वजाबाकी बिनचूक होऊनही आकडा खोटा ठरतो.

सिटिझन्स बँडचा, म्हणजे सीबीचा, इतिहास याच वळणाचा आहे. अमेरिकेत १९५८ साली २७ मेगाहर्ट्झच्या आसपास हा पट्टा सामान्य माणसाला बोलण्यासाठी मोकळा झाला, १९७३ च्या तेलटंचाईत ट्रकचालकांनी त्याला घरोघर पोहोचविले, आणि १ जानेवारी १९७७ पासून त्याच्या २३ वाहिन्यांच्या ४० झाल्या. पुढच्या अनेक संचांत १०.२४ मेगाहर्ट्झच्या एका स्फटिकाला १०२४ ने भागून दहा किलोहर्ट्झचे माप काढीत आणि त्याच्या पटीत प्रत्येक वाहिनी उभी करीत. तेव्हा पटलावर उजळलेला १९ हा निवडचकतीने दिलेला हुकूम असतो. त्या हुकुमाची तामील झाल्याचा तो दाखला नव्हे.

साध्या एएम बोलण्यात याने बिघडत नाही, कारण वाहक लहर आवाजासोबतच येते. एकपट्टी, म्हणजे एसएसबी, पद्धतीत मात्र वाहक लहर प्रेषकाकडेच दाबली जाते आणि ग्राहकाला ती आपल्या पदरची घालावी लागते. तीत शंभर-दोनशे हर्ट्झचा फरक पडला, की ओळखीच्या माणसाचा गळा चिरका किंवा घोगरा होतो. अशा वेळी क्लॅरिफायरचे, म्हणजे ही सूक्ष्म जुळणी करणारे, बटण हळूहळू फिरवावे; प्रथम शब्द सुटे होतात, मग स्वर उतरतो, आणि एका बिंदूवर तो माणूस आपल्या स्वतःच्या आवाजात बोलू लागतो. एवढे होईपर्यंत पटलावरचा आकडा तसूभरही बदललेला नसतो, आणि बऱ्याच संचांत हे बटण केवळ ऐकणे सरकविते, आपले बोलणे सरकवीत नाही. २७ मेगाहर्ट्झवर दहा लाखांत एका भागाची चूक म्हणजे २७ हर्ट्झ. विदर्भाच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात तापलेल्या गाडीत स्फटिक तेवढा सहज ढळू शकतो, म्हणून सकाळी जुळविलेले बटण दुपारी पुन्हा जुळवावे लागल्यास नवल नाही.

भारतात २००५ साली २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ या मर्यादेत पाच वॉटपर्यंतच्या यंत्रांना परवान्यातून सूट मिळाली. मोबाइल येऊन तोवर दशक लोटले होते, म्हणून तिचा गाजावाजा झाला नाही. तथापि तिचा तपशील बारकाईने पाहण्यासारखा आहे. अमेरिकी मोजणीची २७ वी वाहिनी २७.२७५ वर, म्हणजे मर्यादेच्या आत आहे; २८ वी २७.२८५ वर, म्हणजे बाहेर. चाळीस वाहिन्यांचा परदेशी संच हाती घेणाऱ्याला पटलावरच्या २७ आणि २८ यांत एका अंकाचाच फरक दिसतो, पण त्या दोहोंमधून कायद्याची हद्द गेलेली असते. शिवाय वाहिन्यांचा क्रम लहरींच्या क्रमाशी सर्वत्र जुळतही नाही, कारण २४ आणि २५ या वाहिन्या मागाहून २२ आणि २३ यांच्या मधल्या मोकळ्या जागेत बसविल्या गेल्या.

या साऱ्या प्रवासातून निघणारा निष्कर्ष आमच्या मते असा की, परवाना होता तेव्हा लहरीची जबाबदारी दप्तराकडे होती, आणि सूट मिळताच ती यंत्र हाती धरणाऱ्याकडे आली. पैनगंगेच्या काठी, जेथे दोन राज्यांच्या लहरी एकमेकींत मिसळतात, तेथील तरुणाने असा संच घेतला तर त्याने आधी वाहिन्यांचा तक्ता मेगाहर्ट्झमध्ये लिहून काढावा, आपल्या देशाची मर्यादा त्यावर आखून घ्यावी, आणि आकडा पाहून वाहिनी निवडली तरी सूक्ष्म जुळणी कानानेच करावी. स्वातंत्र्य मिळालेल्या पट्ट्यावर शेजाऱ्याच्या बोलण्याला धक्का न लावता आपले बोलणे पोहोचविणे, हे या ज्ञानाचे खरे प्रयोजन आहे.