खोबरेल तेल विकायचंय? आधी ठरवा, ते खायचं की केसांचं!

घरात पॅराशूटची निळी बाटली असेल तर जरा हातात घ्या आणि लेबल नीट वाचा. हिरवा ठिपका दिसेल, एफएसएसएआयचा नंबर दिसेल. म्हणजे कागदोपत्री ते खायचं तेल आहे. आता मला सांगा, आपल्यापैकी किती जणांच्या घरी त्या तेलाची फोडणी पडते? कोकणातली काही घरं सोडली तर आपण सगळे ते डोक्यालाच चोपडतो.

ही गंमत वाटते ना? पण याच गमतीवर आमच्या वर्गातल्या एका ताईंचे पैसे बुडाले. ताई सिंधुदुर्गातल्या, स्वतःची माडाची झाडं, बचतगटातून थोडं कर्ज. तेल उत्तम काढायच्या. त्यांनी खाद्यपदार्थाचं एफएसएसएआय रजिस्ट्रेशन घेतलं आणि २,००० लेबलं छापून आणली. वर मोठ्या अक्षरात "नैसर्गिक केश तेल". खाली "केसगळती थांबवते, नवीन केस उगवतात, त्वचा उजळते". पुण्यातल्या एका दुकानदाराने ३०० बाटल्यांची ऑर्डर दिली आणि लेबल बघून सगळा माल परत पाठवला. नंबर खाद्यपदार्थाचा, नाव केसांच्या तेलाचं आणि दावे औषधाचे! दुकानदाराचं काही चुकलं नाही. चूक ताईंची होती आणि माझीही, कारण ते लेबल त्यांनी छापायच्या आधी मला दाखवलं होतं. मी रंग छान आहे म्हणालो. मजकूर वाचलाच नाही.

म्हणून आज मशीन कुठलं घ्यायचं यावर बोलणार नाही. आधी बाटलीवर काय लिहायचं ते बघू.

कोर्टापर्यंत गेलेला प्रश्न

छोट्या बाटलीतलं खोबरेल तेल हे खाद्यतेल की केसांचं तेल, हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता. कर विभागाचं म्हणणं, एवढ्याशा बाटल्या कोण स्वयंपाकाला घेतं? २०१८ मध्ये दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. मग १८ डिसेंबर २०२४ रोजी तीन न्यायमूर्तींनी निकाल दिला: बाटली लहान आहे एवढ्यावरून तेल केसांचं ठरत नाही. शुद्ध खोबरेल खाद्यतेल म्हणून विकता येतं. पण लेबलवर तुम्हीच ते केसांसाठी आहे असं सांगितलंत, तर ते केसांचं तेल.

तेव्हा यात पैशाचा मोठा फरक होता. खाद्यतेलाला ५ टक्के जीएसटी आणि केसांच्या तेलाला १८ टक्के. २२ सप्टेंबर २०२५ पासून केसांचं तेलही ५ टक्क्यांवर आलं. त्यामुळे अनेकांना वाटतं, आता काहीही लिहा, काय फरक पडतो? करात नाही पडत. लायसन्समध्ये पडतो, आणि तोच आपल्यासारख्या लहान माणसाला जड जातो.

साधं शुद्ध खोबरेल, खाद्यतेल म्हणून विकायचं असेल तर एफएसएसएआयकडे जायचं. लहान उलाढालीला तिथे नुसतं रजिस्ट्रेशन पुरतं आणि ते घरच्या जागेतूनही होतं. पण त्यात जास्वंद, माका, कढीपत्ता उकळून "केसांचं तेल" म्हणालात की ते सौंदर्यप्रसाधन झालं. मग सौंदर्यप्रसाधन नियम २०२० लागू. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडून फॉर्म सीओएस-८ मधलं उत्पादन लायसन्स हवं, ठरावीक जागा हवी, देखरेखीला पात्र तांत्रिक माणूस हवा. स्वयंपाकघराच्या ओट्यावर ते मिळत नाही. पर्याय आहे: लायसन्स असलेल्या दुसऱ्याच्या कारखान्यात आपला माल बनवून घ्यायचा. त्यासाठी लोन लायसन्स असतं, फॉर्म सीओएस-९. नावात लोन असलं तरी कर्जाशी याचा काही संबंध नाही, हे सांगून ठेवतो, कारण दर बॅचला कुणीतरी व्याज विचारतंच.

माझं मत स्पष्ट आहे. पहिल्या वर्षी साधं तेल विका. मसाला, औषधी पाला, सुगंध काही नको.

मग हे तेल खरंच करतं काय?

ग्राहक विचारणारच, आणि उत्तर तुम्हाला माहीत हवं. खोबरेल तेलात जवळपास निम्मं लॉरिक ॲसिड असतं. त्याचा रेणू लहान आणि सरळ, केसातल्या प्रथिनांशी त्याचं जमतं, म्हणून हे तेल केसाच्या आत शिरतं. मॅरिकोच्याच मुंबईतल्या संशोधन विभागाचा २००३ सालचा अभ्यास आहे. त्यात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली. केस धुताना, विंचरताना होणारी प्रथिनांची झीज फक्त खोबरेलाने ठळकपणे कमी झाली. खोबरेल विकणाऱ्यांनीच केलेला अभ्यास आहे हे लक्षात ठेवा, पण आजीचं "न्हाण्याआधी तेल लाव" यात तथ्य होतं एवढं म्हणायला हरकत नाही.

आता हे नीट समजून घ्या. केस *तुटणं* कमी होणं आणि केस *गळणं* थांबणं या दोन वेगळ्या गोष्टी. गळती मुळाशी असते. तिथे थायरॉईड, रक्तातलं लोह, बाळंतपण, आनुवंशिकता असं बरंच काही असतं. टकलावर केस उगवण्याचा दावा तर औषधवाल्यांनाही करता येत नाही, औषध नियमांच्या अनुसूची 'जे'मध्ये टक्कल आहे, गोरेपणाही आहे. मग आपण तेलवाल्यांनी कशाला त्या वाटेला जायचं? फसव्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि हो, व्हॉट्सॲप स्टेटसवर टाकलेला मजकूर हीसुद्धा जाहिरातच.

त्वचेचं म्हणाल तर कोरड्या हातापायांना, भेगांना, थंडीत उललेल्या अंगाला हे तेल चांगलं. ओलावा धरून ठेवतं. पण मुरमं येणाऱ्या चेहऱ्याला लावू नका असं स्वतःहून सांगा, छिद्रं बुजतात. डोक्यात खूप कोंडा असेल तरी तेल थापून उपयोग नाही, कारण कोंड्यामागची बुरशी तेलकटपणावरच पोसते. "हे तुमच्यासाठी नाही" असं सांगणाऱ्या विक्रेत्याकडे माणूस आईसाठी बाटली घेऊन जातो, हे मी प्रदर्शनात डोळ्यांनी पाहिलंय.

तेल काढताना पाणी हाच शत्रू

सिंधुदुर्गात आवेल तेल म्हणतात ते हेच. पक्का नारळ खोवायचा, चव वाटून दूध काढायचं आणि मंद आचेवर आटवायचं. चोथा तांबूस झाला की तेल सुटतं. दूध रात्रभर ठेवून साय वेगळी करूनही काढतात, ते तेल पांढरं, सौम्य वासाचं येतं. पद्धत कुठलीही असो, तेलात पाण्याचा अंश राहिला की ते लवकर खवट होतं. म्हणून तडतड पूर्ण थांबेपर्यंत मंद आच, मग मलमलीतून गाळणं, मग एक-दोन दिवस स्थिर ठेवून वरचं नितळ तेल घेणं. आणि बाटल्या धुतल्यावर कडकडीत वाळवा. निम्म्या तक्रारी तेलाच्या नसतात, ओल्या बाटलीच्या असतात.

हिशोबही करू. समजा लिटरला १४ नारळ लागले (तुमचे किती लागतात ते मोजा, झाडागणिक फरक पडतो) आणि नारळ ३० रुपयांना. १०० मिलीला ४२ रुपये नारळाचेच झाले. जळण-मजुरी १२, बाटली-झाकण-लेबल-खोका १६, फुटतूट आणि सॅम्पल ५. झाले ७५. एमआरपी १५० ठेवली, दुकानदाराने ३० टक्के घेतले, हातात १०५. वाहतूक ८. उरले २२. आता नारळ फक्त १० रुपयांनी महागला तर त्या २२ चे ८ होतात! २०२५ मध्ये नारळ कसा चढला ते आपण सगळ्यांनी पाहिलंच. म्हणून निम्मा माल तरी थेट ग्राहकाला विका, तिथे दुकानदाराचे ४५ वाचतात.

एक फोन दर डिसेंबरला येतो: "तेल गोठलंय, भेसळ आहे का?" खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतंच. उलट "फ्रीजमध्ये गोठलं म्हणजे शुद्ध" हेही खरं नाही, पाम कर्नेल तेलही गोठतं. थंडीत रुंद तोंडाची बरणी द्या.

ताईंनी उरलेली लेबलं चुलीत घातली. नवीन लेबल साधं आहे: "शुद्ध खोबरेल तेल", रजिस्ट्रेशन नंबर, बॅच, तारीख, वजन, एमआरपी, पत्ता, तक्रारीसाठी फोन. खाली बारीक अक्षरात, "थंडीत गोठते, बाटली कोमट पाण्यात ठेवा". पुण्याच्या त्या दुकानदाराला त्यांनी परत दोन बाटल्या नमुन्याला पाठवल्या. या वेळी त्याने ६० मागवल्या, ३०० नाही. पण माल परत आला नाही.