तापवणं सोपं, थंड करणं अवघड!

हॉस्टेलवर ‘भट्टी’ हा शब्द नुसता काढला तरी चार जण एकमेकांकडे बघून हसतात. ती भट्टी बाजूला ठेवा, तिच्याबद्दल शेवटी बोलूच. आज विषय आहे तो टेबलावर किंवा ओट्यावर मावणाऱ्या छोट्या ऊर्ध्वपातन यंत्राचा. (आम्ही कॉन्व्हेंटवाले ज्याला डिस्टिलेशन म्हणून घोकत आलो, तेच हे!) इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं पाणी, गुलाबपाणी, ओव्याचा अर्क, गवती चहाचं तेल, हे सगळं या एकाच यंत्रातून निघतं. यंत्र साधं आहे. पण साधं आहे म्हणून लोक ते निष्काळजीपणे चालवतात, आणि तिथेच घोटाळा होतो.

मुळात यंत्राचे भाग तीनच. पाणी उकळायचं भांडं, वाफ थंड करायची नळी म्हणजे कंडेन्सर, आणि थेंब जमा करायची बाटली. आपलं सगळं लक्ष असतं पहिल्या भागाकडे: शेगडी किती वॉटची, पाणी किती लवकर उकळतं वगैरे. खरी गोम मात्र दुसऱ्या भागात आहे. आपल्या जुन्या लोकांना हे पक्कं ठाऊक होतं. रसशास्त्रातल्या तिर्यक्पातन यंत्रात दोन घडे तिरक्या नळीने जोडतात आणि दुसरा घडा गार पाण्यात ठेवतात. कनौजच्या अत्तरवाल्यांच्या देग-भपक्यात भपका पाण्याच्या हौदात बसवलेला असतो. म्हणजे अर्धं यंत्र आगीचं, तर अर्धं गार पाण्याचं!

थोडा हिशेब करू

१ लिटर पाणी २५ अंशांवरून १०० अंशांवर न्यायला सुमारे ३१४ किलोज्यूल लागतात. पण त्याच पाण्याची पूर्ण वाफ करायला लागतात २२५७ किलोज्यूल, म्हणजे सातपट! दोन्ही मिळून झाले सुमारे २५७० किलोज्यूल, म्हणजे विजेचं ०.७१ युनिट. यापेक्षा कमी विजेत साध्या यंत्रातून एक लिटर पाणी निघणं शक्य नाही, जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो. ७५० वॉटचं यंत्र असेल आणि उष्णता अजिबात वाया गेली नाही असं धरलं, तरी ४ लिटरला पावणेचार तासांहून जास्त वेळ लागणारच.

आता उलटी बाजू बघा. ते २२५७ किलोज्यूल वाफेत लपून बसलेले आहेत. वाफेचं पाणी व्हायचं तर ते सगळे कुणीतरी काढून घ्यायला हवेत. नळीची गुंडाळी १५ लिटर पाण्याच्या बादलीत बुडवली आहे असं समजा. एक लिटर पाणी जमा होईपर्यंत बादलीतलं पाणी ३६ अंशांनी तापतं. म्हणजे २५ चं ६१ झालं! बर्फाने भागवू म्हणाल, तर लिटरमागे जवळजवळ पावणेसात किलो बर्फ वितळेल. वरून टाकलेले दोन ट्रे म्हणजे नुसतं समाधान.

म्हणून सूत्र असं: कंडेन्सर जितकी उष्णता काढू शकतो, तितकीच शेगडीने द्यायची. नळीच्या तोंडातून थेंब कोमट पडतोय आणि वाफ अजिबात दिसत नाही, तर गाडी रुळावर आहे. तोंडातून वाफ फुसफुसायला लागली की शेगडी कमी करा किंवा गार पाणी बदला. ती वाफ म्हणजे तुमचं वीजबिल हवेत चाललंय, आणि गवती चहा असेल तर सगळा सुवासही चाललाय.

वीज वाचवायची तर भांड्याचं झाकण आणि वरची नळी उघडी ठेवू नका. वाफ तिथेच गार होते आणि परत भांड्यात पडते, म्हणजे आपण एकच पाणी पुन्हा पुन्हा उकळत बसतो. इलेक्ट्रिक शेगडी असेल तर झाकणावर जाड सुती कापड गुंडाळा. (गॅसवर हे अजिबात नको, कापड पेटेल.) बादलीतलं गरम पाणी पुढच्या खेपेला भांड्यात भरलं तर साधारण ६ टक्के ऊर्जा वाचते. फार नाही, पण फुकट आहे!

सुरक्षितता : तोंड कधीही बंद नको

प्रेशर कुकर आणि हे यंत्र यांत मोठा फरक आहे. कुकरला दाब हवा असतो, आपल्याला दाब अजिबात नको. भांड्यापासून बाटलीपर्यंतचा रस्ता कायम मोकळा हवा. बाटलीला बूच लावायचं नाही. नळी कुठे दुमडलेली नको. नळीचं टोक जमा झालेल्या पाण्यात बुडू द्यायचं नाही, कारण शेगडी बंद केल्यावर भांड्यातली वाफ आकसते आणि बाटलीतलं पाणी उलटं वर ओढलं जातं. ते गरम भांड्यात जाऊन आदळलं की काय होतं, हे मेकॅनिकलवाल्यांना सांगायला नको.

कुकरच्या शिट्टीच्या जागी नळी लावायचा जुगाड अनेकांना सुचतो. तिथलं भोक बारीक असतं. पाल्याचा एक तुकडा अडकला की झालं, आत दाब वाढत जातो. त्यापेक्षा रुंद नळीचं स्टील किंवा काचेचं यंत्र बरं. झाकणाच्या फटी बुजवायला जुनी युक्ती उत्तम आहे: कणकेचा लेप! वाफ बाहेर येत नाही, आणि चुकून दाब वाढलाच तर आधी कणीक सुटते, भांडं फुटत नाही. (मेसच्या मावशींकडे मागितली तर गोळाभर कणीक मिळून जाते.)

बाकीचे नियम क्रमाने सांगतो:

१. भांडं निम्म्याच्या वर भरू नका. फेस नळीत चढतो.

२. खापराचे दोन-तीन छोटे तुकडे पाणी गार असतानाच आत टाका. त्यामुळे पाणी सावकाश उकळतं, उसळत नाही. उकळत्या पाण्यात मात्र कधीही टाकू नका, एकदम उतू येतं.

३. गार पाणी आधी, शेगडी नंतर. बंद करताना उलटं: शेगडी आधी, गार पाणी दहा मिनिटांनी.

४. काचेच्या कंडेन्सरला गार पाणी खालून आत आणि वरून बाहेर. तरच तो पूर्ण भरलेला राहतो.

५. भांडं कोरडं होऊ देऊ नका. २ लिटर भरले असतील तर सव्वा लिटर जमा झाल्यावर थांबा. थर्मामीटर बघत बसू नका, आत पाणी संपत आलंय हे तो सांगत नाही. बाटलीवर खूण करा.

६. १००० वॉटची शेगडी ४ अँपिअरहून जास्त करंट घेते. थ्री-पिन, अर्थिंग असलेला सॉकेट हवा, बारीक वायरचं एक्स्टेन्शन नको.

७. यंत्र चालू असताना उठून जायचं नाही. चहालासुद्धा!

अर्थात हे रूमवर करायचं नाही. लॅबमध्ये सरांना विचारून, नाहीतर सुट्टीत घरी करा.

काय गाळायचं?

बॅटरीसाठी पाणी करत असाल तर तांब्याची नळी टाळा. धातूचे अंश पाण्यात उतरतात, आणि ते बॅटरीला चालत नाहीत. काच किंवा स्टेनलेस स्टील घ्या. सुरुवातीचं अर्धा कप पाणी टाकून द्या, त्यात क्लोरीनसारखे आधी उडणारे वायू येतात. भांड्याच्या तळाला पांढरे क्षार जमतात ते लिंबूसत्व घालून काढा, नाहीतर दर खेपेला उष्णता आत जायला जास्त वेळ लागतो.

गवती चहाची गंमत वेगळीच. त्याच्या तेलात मुख्य असतं सिट्रल, त्याचा उत्कलनबिंदू २०० अंशांच्याही वर. मग ते १०० अंशांच्या वाफेबरोबर येतं कसं? पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे दोघांचा बाष्पदाब स्वतंत्र असतो. दोघांची बेरीज हवेच्या दाबाइतकी झाली की मिश्रण उकळतं, आणि तेही शंभरच्या जरा खालीच! म्हणून तेल न जळता निघतं. पाला जाळीवर, पाण्याच्या वर ठेवा. किलोभर ताज्या पाल्यातून तेल निघतं जेमतेम काही मिली, बाकी सगळं सुवासिक पाणी. ते उकळून घेतलेल्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवा. तेल तसंच कातडीला लावू नका, आणि ज्वाळेपासून लांब ठेवा, ते पेटतं.

आणि ती भट्टी?

आता शेवटचं. ‘याच यंत्रात ते पण होतं ना?’ हा प्रश्न कुणीतरी विचारणारच. उत्तर सरळ आहे: नाही करायचं. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय दारू गाळणं गुन्हा आहे, आणि त्यासाठी साधनं बाळगणंही. पण कायदा क्षणभर विसरा. पाण्याची वाफ गळली तर हात भाजतो. अल्कोहोलची वाफ गळली तर खोली पेटते, कारण त्याचा फ्लॅश पॉइंट फक्त १३ अंश आहे.

‘पहिला थोडा भाग फेकला की विष गेलं’ ही समजूतही खोटी आहे. मिथेनॉल ६४.७ अंशांना उकळतं आणि इथेनॉल ७८.४ अंशांना, पण मिश्रणात ते असे शिस्तीत रांग लावून येत नाहीत. छोट्या यंत्रात ते पूर्ण वेगळे होतच नाहीत. मुंबईत २०१५ साली मालवणीत शंभराहून जास्त माणसं गेली ती मिथेनॉलनेच. नाकाला, जिभेला फरक कळत नाही, कळतो तो डोळे गेल्यावर.

तेव्हा पाणी गाळा, गवती चहा गाळा, ओवा गाळा. हिशेब मांडा, गार पाणी भरपूर ठेवा आणि बाटलीचं तोंड उघडं ठेवा. आणि हो, भांडं गार झाल्याशिवाय झाकण काढू नका!