पिंजऱ्यातला मासा, तलावातलं पाणी

खटावातलं औंध आणि आटपाडी हा औंध संस्थानचा जुना मुलूख कमी पावसाचा. इथले तलाव पावसाळ्यानंतर डोळ्यांत भरतात आणि उन्हाळ्यात तळ गाठतात. अशा भागात ‘तलावात तरंगते पिंजरे टाका, मासे वाढवा’ हा सल्ला येतो, तेव्हा त्याच्याबरोबर काही चुकीच्या समजुतीही येतात.

पहिली समजूत अशी की मासे जाळ्यात बंद असतात, म्हणून उरलेल्या तलावाला धोका नाही. पण बंद असतो तो फक्त मासा. पाणी जाळ्यातून आरपार जातं आणि त्याच्याबरोबर विष्ठा, वाया गेलेलं खाद्य, रोगजंतूही जातात. एक किलो मासा तयार व्हायला साधारण दीड किलो गोळी खाद्य लागतं. त्यात फॉस्फरस शेकडा एक धरला, तर झाले 15 ग्रॅम. माशाच्या अंगी लागतात पाचेक ग्रॅम, बाकीचे 10 ग्रॅम तलावात उतरतात. म्हणजे टनामागे सुमारे 10 किलो.

फॉस्फरस हे शेवाळाचं खत. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं, पण रात्री तोच ओढून घेतं. तळाशी कुजणारा गाळही ओढतो. पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडाची उघडझाप करू लागले, की पाण्यातला प्राणवायू संपत आला असं समजावं. मोकळा मासा निदान दुसरीकडे पळेल. पिंजऱ्यातला जागच्या जागी मरतो. फिलिपीन्समधल्या ताल सरोवरात 2011 साली पाण्यातला प्राणवायू घटला आणि पिंजऱ्यांतले शेकडो टन मासे मेले.

‘तलाव मोठा आहे, पाणी पुष्कळ आहे,’ असंही म्हटलं जातं. कधीचं पाणी? सप्टेंबरमध्ये पसरलेला तलाव मेमध्ये डबक्यावर येतो, मात्र पिंजरे आणि त्यांतले मासे तेवढेच राहतात. आपल्याकडे पिंजऱ्यांची संख्या मेमधल्या पाण्यावर ठरवली पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याच पाण्यावर गुरं आणि गावाच्या विहिरी जगत असतील, तर त्याहूनही कमी.

‘चार मासे निसटले तर काय बिघडतं?’ आफ्रिकेतली चिलापी 1952 मध्ये भारतात आणली गेली. आज उजनीच्या जाळ्यांत ती मुबलक येते. मांसाहारी आफ्रिकी मागूर पाळायला केंद्र सरकारने 2000 साली बंदी घातली, तरी तो चोरून पाळला गेला. उपरा मासा एकदा नदीत रुजला की त्याला परत काढण्याचा मार्ग नाही. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात 2017 साली समुद्रातला एक पिंजरा कोसळून दोन लाखांहून जास्त अटलांटिक सामन मासे सुटले. पुढच्याच वर्षी तिथे परक्या माशांचे असे पिंजरे बंद करण्याचा कायदा झाला. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियातही सामनचे उघडे पिंजरे 2029 पर्यंत बंद करायचं ठरलं आहे.

राहिला रोजगाराचा प्रश्न. पिंजरे आले म्हणजे गावाला काम मिळतं, हे आपोआप होत नाही. खर्चाचा मोठा वाटा खाद्याचा असतो, त्यामुळे भांडवलवाला पुढे सरकतो आणि पिढ्यान्‌पिढ्या जाळं टाकणारे भोई त्याच तलावावर मजूर होतात. आंबेगाव तालुक्यातल्या डिंभे धरणावर वेगळं घडलं. ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या, त्या आदिवासींनी मासेमारीचा हक्क मिळवून सहकारी संस्था उभी केली. तिथे पिंजऱ्यांत बोटुकली वाढवून जलाशयात सोडण्याचा मार्गही वापरला गेला. म्हणून पिंजरा मुळातच वाईट, हाही गैरसमजच. कटला, रोहूचं बीज काही आठवडे जपायला तो उपयोगी आहे, आणि त्यात खाद्यही थोडं लागतं.

तलाव ठेक्याने देण्याआधी ग्रामसभेने चार गोष्टी लेखी मागाव्यात: पिंजरे किती, मासा कोणता, रोज खाद्य किती आणि पहाटेचा प्राणवायू कोण मोजणार. मासे मेले तर ते उचलून पुरण्याचा खर्च ठेकेदाराने करायचा, हेही करारातच यावं.